अबू गालिबच्या दातांतली फट

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन गोष्टी वाळत असत: बायकांनी धुतलेले कपडे आणि अबू गालिबचं उरलेलं आयुष्य. कपडे निदान दुपारपर्यंत वाळून खाली यायचे.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर तो जो गच्चीवर चढला तो जेवणापुरताच खाली उतरे. पाण्याच्या टाक्यांमागे त्यानं कबुतरांची ढाबळ बांधली होती. टोकाला काळं फडकं बांधलेली लांब काठी घेऊन तो थवा आकाशात उडवी आणि मान वर करून गोल गोल फिरत राही. पाखरं परत बोलवायची वेळ झाली की शीळ घाली. कबुतरं उडवणाऱ्याला आमच्याकडे कश्शाश म्हणतात, आणि कश्शाश म्हणजे खोटारडा हे सगळं अम्मान शहर धरून चालतं. दुसऱ्याचं पाखरू आपल्या गच्चीवर उतरलं की ते त्याचंच असतं, अगदी अंड्यातून त्याच्याच हातावर निघालेलं, अशी शपथ तो डोळ्याची पापणी न हलवता घेतो. पूर्वी काझी अशा माणसाची साक्षच घेत नसे. आता काझी विचारत नाही, पण जिन्यातल्या बायका नियम पाळतात.

अबू गालिबनं या लौकिकाला कधी कमीपणा आणला नाही. त्याची लाल मादी एकदा दमास्कसला जाऊन आली आणि येताना चोचीत तिकडच्या भाकरीचा तुकडा घेऊन आली, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी कपड्यांना चिमटे लावत होते. मी म्हटलं, "दोन आणायच्या होत्या, रात्रीची सोय झाली असती."

शीळ मात्र खरी होती. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, तिथून तो जीभ लावून वारा सोडी आणि तो आवाज आमच्या जोफ्याच्या टेकडीवरून निघून समोरच्या टेकडीपर्यंत जाई. मशिदीतला इमामही एकदा म्हणाला होता, निदान नमाजाच्या वेळा सोडून बोलावत जा रे बाबा त्यांना.

मग तो पडला. वर बघत मागे मागे चालताना डिशच्या छत्रीच्या पायात अडखळला आणि तोंड टाकीच्या कडेवर आपटलं. वरचे पुढचे चार दात गेले: मधले दोन हिरडीपाशी मोडले, शेजारचे दोन मुळासकट हातात आले. मला त्यानं सांगितलं की ससाणा अंगावर आला. वाण्याला सांगितलं की चोराशी झटापट झाली. बायकोला काही सांगावं लागलं नाही. ती तिथेच चादरी वाळत घालत होती.

खालच्या गल्लीतल्या दंतवैद्यानं आत काय राहिलंय ते न बघता वरून कवळी बसवून दिली. पहिल्याच संध्याकाळी अबू गालिबनं सवयीनं शीळ घातली. मी खाली अंगणात मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. वरून काहीतरी आलं आणि पानांच्या ढिगात रुतलं. उचलून पाहिलं तर अबू गालिबचं हसू. धुऊन त्याच्या मुलीबरोबर, रुबाबरोबर, वर पाठवलं. त्या दिवशी मुलूखिया केली नाही, मसूर केला.

त्यानंतर कवळी काढून तो फुंकर मारायचा. नुसती हवा. कबुतरं गोंधळली. समोरच्या गच्चीवर सुब्ही नावाचा दुसरा कश्शाश होता. त्याचे दात शाबूत होते.

आता उम्म गालिबबद्दल सांगायला हवं. ती अबू गालिबची बायको, माझी शेजारीण, आणि या घरातलं जे काही चाललंय ते तिच्यामुळे. लग्न झाल्यापासून ती प्रत्येक कपडा दोनदा धुते, एकदा मळासाठी आणि एकदा कबुतरांसाठी. नवऱ्याचे दात गेले तेव्हा ती रडली, पण मला वाटतं अर्ध्या डोळ्यानं. कारण तेव्हाच रुबाला साल्ट गावचं स्थळ आलं होतं. मुलगा औषधांच्या दुकानात होता, घर दगडी, माणसं मोजून बोलणारी. मुलाच्या आईनं कॉफीचा पेला खाली ठेवत सहज विचारलं, "कबुतरं आहेत म्हणे तुमच्याकडे?"

"होती," उम्म गालिब म्हणाली. "दात गेले, शीळ गेली, सगळंच सुटलं. आता ते घरातच असतात. टीव्हीवर बातम्या बघतात."

कबुतरं तेव्हा डोक्यावरच्या छतावर घुमत होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, वरच्या मजल्यावर पंखा नादुरुस्त आहे. आमच्या वर मजलाच नाही.

कुवेतहून मुलाचा, गालिबचा, निरोप आला: बाबांना पक्के दात बसवा, खर्च माझा, मागणीच्या दिवशी मंडळींसमोर बाप बोळका नको. नवराबायको दोघंही खूश झाली. तिला हवं होतं घट्ट मिटलेल्या दातांचं चांगलं हसू, त्याला हवी होती शीळ. एकाच बातमीवर दोघं इतकी खूश झालेली मी पूर्वी पाहिली नव्हती, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दवाखाना पार सातव्या सर्कलच्या चौकापाशी, शहराच्या पश्चिम टोकाला. डॉक्टर दीमा तरुण होती, केस आखूड, बोलणं स्वच्छ. मी गेले कारण उम्म गालिब तिसऱ्या सर्कलच्या पुढे माझ्याशिवाय जात नाही.

"काका, सिगारेट?"

"कधीच नाही," अबू गालिब म्हणाला. शर्टाच्या खिशातलं पाकीट आम्हा सगळ्यांकडे बघत होतं.

"दात कसे पडले?"

"ससाणा."

डॉक्टरनं एकदा त्याच्याकडे, एकदा उम्म गालिबकडे पाहिलं आणि काही न लिहिता म्हणाली, "चला, थ्रीडी स्कॅन काढू. जबड्याचं हाड सगळ्या बाजूंनी दिसलं की मग ठरवता येईल."

यंत्र उभं होतं. हनुवटी एका फळीवर टेकायची, दातांत एक दांडी धरायची, आणि एक मोठा हात डोक्याभोवती गोल फिरतो. अट एकच, हलायचं नाही. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. हात फिरू लागला आणि अबू गालिबची मान त्याच्यामागून निघाली. उजवीकडून डावीकडे, हळूच, अगदी प्रेमानं. पडद्यावर चित्र आलं त्यात दोन कवट्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

"काका, हलायचं नाही म्हटलं होतं ना?"

"मी नाही हललो."

"हे बघा, दोन नाकं आहेत."

"पोरी, डोक्यावर काही गोल फिरायला लागलं की माझी मान जाते. मी नेत नाही, ती जाते."

दुसऱ्या वेळीही मान गेली. शेवटी उम्म गालिबनं आपली ओढणी काढून त्याचे डोळे बांधले आणि यंत्र पुन्हा सुरू होण्याआधी कानात काहीतरी म्हणाली. काय ते मी विचारलं नाही, पण या वेळी तो दगडासारखा उभा राहिला.

मग आम्ही पडद्यासमोर बसलो. अबू गालिबची कवटी काळ्या पोकळीत तरंगत होती. डॉक्टर बोटानं ती फिरवायची, वरून दाखवायची, चिरून आतून दाखवायची, जसं कलिंगड दाखवतात.

"इथे हाड जाड आहे, चांगलं आहे. ही नस, हिच्यापासून लांब राहायचं. आणि गालांच्या मागे ही मोठी काळी जागा दिसतेय ना, ती रिकामी. नुसती हवा."

"इतकी वर्षं मी म्हणतेय," उम्म गालिब म्हणाली. "यंत्राला आत्ता कळलं."

डॉक्टरनं समजावून सांगितलं की आधी पडद्यावर दात ठरवायचे, आणि ते दात जिथे उभे राहतील त्याप्रमाणे हाडात स्क्रू कुठे आणि किती तिरके जाणार ते ठरतं. एकदा स्क्रू बसले की दातांची जागा बदलत नाही. म्हणून आज नीट बघून घ्या. तिनं बटण दाबलं आणि कवटीला चार दात आले. पांढरे, सरळ, एकमेकांना चिकटलेले. कवटी एकदम बँकेच्या जाहिरातीसारखी दिसायला लागली.

"माशाल्ला!" उम्म गालिब म्हणाली.

"हे कोणाचे?" अबू गालिब म्हणाला.

"तुमचेच होणार, काका."

"यातून वारा कुठून जाईल?"

"वारा?"

"मधली फट कुठंय? मला फट होती. आईच्या पोटातून घेऊन आलोय."

"कसली फट?" उम्म गालिब इतक्या शांतपणे म्हणाली की मीच चमकले. "डॉक्टर, मोत्यांची रांग होती, मोत्यांची. पडल्यापासून ते असं काहीबाही बोलतात."

"अगं ए! खोटं बोलतेस? तू?"

"वल्ला, मोत्यांची."

डॉक्टरनं जुना फोटो मागितला. उम्म गालिबच्या फोनमध्ये लग्नाचा फोटो होता. त्यात अबू गालिब मिशी राखून, तोंड शिवून, कर वसूल करायला आल्यासारखा उभा होता. पासपोर्टवर तसाच. आमच्या पिढीतले पुरुष फोटोत दात दाखवत नसत; दात दाखवणारा माणूस म्हणजे ज्याचं काही चुकलंय असा.

डॉक्टर माझ्याकडे वळली. "खाला, तुम्ही शेजारी ना? तुम्हाला आठवतं?"

"शेजारणीच्या नवऱ्याच्या तोंडात डोकवायची मला सवय नाही," मी म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे खुनशी नजरेनं पाहिलं. मी बरोबर मध्ये बसले होते.

अबू गालिबनं शपथा घेतल्या. आईची, मुलाची, मग कबुतरांची. कबुतरांची शपथ घेतल्यावर तर तो पुरता खोटा ठरला. डॉक्टर चांगली मुलगी होती, पण ससाणा आणि सिगारेटचं पाकीट तिच्या डोळ्यांसमोर होतं. ती सौम्यपणे म्हणाली, "काका, अपघातानंतर कधी कधी असं वाटतं," आणि उगाच हाताला चाळा म्हणून चित्राचे पातळ पातळ काप एकामागून एक पुढे ढकलू लागली.

मग थांबली. एक काप मागे घेतला.

"कवळी बसवणाऱ्यानं मुळं काढलीच नाहीत," ती म्हणाली. "हे बघा. मोडलेल्या दोन दातांची मुळं अजून आत आहेत. ही एक, ही दुसरी."

काळ्या-करड्या हाडात दोन पांढऱ्या खुंट्या उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये तिनं रेघ ओढली, आकडा पाहिला, आणि हसू दाबत उम्म गालिबकडे वळली.

"ज्यांची मुळं एकमेकांपासून इतकी लांब आहेत त्या दातांमध्ये फट नव्हती म्हणणं जरा कठीण आहे. काका खरं बोलतायत."

सगळ्यांत जास्त धक्का अबू गालिबला बसला होता. आपण खरं ठरलो की पुढे काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग आपल्या कवटीकडे, आणि ती जरा बरी दिसतेय असं त्याला वाटत असावं.

"यंत्र नवीन आहे का?" उम्म गालिबनं विचारलं. "नाही, नवीन यंत्रं सुरुवातीला चुकतात."

पुढच्या खेपेला डॉक्टरनं पडद्यावरचे दात छापून आणले होते, तोंडात घालून बघायला. एक जोड बिनफटीचा, एक फटीचा. बिनफटीचा घालून अबू गालिबनं फुंकलं. टायरमधून निघावी तशी हवा निघाली. फटीचा घातला, तर तीही फुस्स. डॉक्टरनं डोळे बारीक केले, आत गेली, पडद्यावर फट केसभर कमी केली आणि दुसरा जोड छापायला लावला. आम्ही कॉफी प्यायलो. तो घालून अबू गालिबनं जीभ लावली.

बाहेर कोणाच्या तरी हातातून फोन पडला. शेजारच्या खुर्चीवर अर्धं तोंड बधिर केलेला माणूस उठून दारात आला आणि अर्ध्या तोंडानं म्हणाला, "आग लागलीय का?"

"नाही नाही, दात बघतोय," डॉक्टर म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "काका, अजून एकदा. जरा हळू."

उम्म गालिबनं नवऱ्याला पाणी आणायला बाहेर पिटाळलं आणि डॉक्टरचा हात धरला.

"पोरी, बंद कर ती फट. मी साल्टच्या लोकांना सांगितलंय कबुतरं सुटली म्हणून. एक शीळ ऐकू आली की माझी मुलगी कश्शाशची मुलगी. मग येईल कोण? गल्लीतला तो पंक्चरवाला?"

"खाला, तोंड त्यांचं आहे."

"तोंड त्यांचं, मुलगी माझी."

डॉक्टरनं हात सोडवला नाही. "घरी जा. दोघं मिळून एक काय ते ठरवा आणि गुरुवारपर्यंत मला कळवा. गुरुवारी स्क्रूचा साचा छापायला जाईल, मग मला काही बदलता येणार नाही. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची बायको दारात रडत असताना मी भोक पाडत नाही."

घरी भांडण होईल म्हणून मी कान तयार ठेवले होते. झालं नाही. रुबानं बापाला साल्टच्या लोकांचं सगळं सांगितलं, आई खिडकी कशी लावते, पंखा कसा नादुरुस्त आहे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बंद करायला सांगा." एवढंच. बिनफटीचे नमुन्याचे दात घालून तो टीव्हीसमोर जाऊन बसला. बातम्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही बसला. उम्म गालिबनं साल्टवाल्यांना मारलेली थाप त्यानं खरी करून दाखवली, आणि ते बघायला घरात कोणालाच बरं वाटेना.

दाणे टाकायला उम्म गालिब वर जायची. पत्र्याचा डबा वाजवत, शिव्या देत. "या, या, मेल्यांनो, तुमच्या बापानं सोडलंय तुम्हाला." मी कपडे काढताना बघायची. शिव्या देता देता ती पाखरं न्याहाळायची आणि रोज एखादं कमी असलं की जास्त शिव्या द्यायची.

बुधवारी जिन्यात सुब्हीची बायको भेटली. हातात अजमोद्याची जुडी, तोंडावर दया.

"तुमची ती करडी मादी आमच्याकडे रुळली हो, उम्म गालिब. सुब्ही म्हणतो, बिचारी! मालकाचा आवाज नाही तर पाखरानं जायचं कुठे? बरं, अबू गालिब आता घरातच असतात म्हणे? भांडीबिंडी घासतात का? बरं झालं बाई, तुला मदत."

करडी मादी. हिवाळ्यात ती आजारी पडली तेव्हा उम्म गालिबनं तिला बुटाच्या खोक्यात घालून स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवली होती आणि बोटानं भिजवलेली भाकरी भरवली होती. हे बाहेर कळू नये म्हणून मला तिनं धमकी दिली होती.

"घासतात," उम्म गालिब म्हणाली. "तुमच्या सुब्हीला पाठव ना शिकायला. कबुतरं चोरायचं तर जमलंच आहे त्याला."

वर आली ती सरळ फोनपाशी गेली. मी मागून धापा टाकत.

"डॉक्टर, मी उम्म गालिब. उघडा."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"फट! उघडा ती. हो, जी वाजली ती. नाही, रडत नाहीये, जिना चढून आलेय."

टीव्हीसमोरून अबू गालिबनं मान वळवली. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं लगेच साल्टच्या मुलाच्या आईचा नंबर फिरवला, आणि मी बसून घेतलं, कारण हे उभ्यानं ऐकण्यासारखं नव्हतं.

"उम्म आकिफ? हो, मीच. ऐका, कबुतरं सुटली म्हणून मी सांगितलं ते खोटं होतं. आहेत. वरच आहेत. पंखा नव्हता तो. माझा नवरा कश्शाश आहे आणि आता शिळेसाठी दात बसवून घेतोय, हाडात स्क्रू घालून. तुमचे यजमान दिवसभर हुक्का ओढतात हे मला कळलंय, मी काही विचारलं का? मुलगी माझी चांगली आहे. हवी असेल तर या, नको असेल तर आत्ताच सांगा, मागणीच्या जेवणाला, मन्सफसाठी, मांस सांगायचंय."

पलीकडचं ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "विचारतेय, डॉक्टर कोण. तिची स्वतःची कवळी जेवताना हलते म्हणे."

मागणीची मंडळी आली, कॉफी प्यायली, आणि जाताना सातव्या सर्कलचा पत्ता लिहून घेऊन गेली.

साचा आला, मुळं निघाली, स्क्रू बसले. वरून सध्यापुरते फटीचे दात लावले. पक्के नंतर येणार होते. कडक काही चावायचं नाही, असं डॉक्टर म्हणाली. शिळेबद्दल विचारलं तर म्हणाली, सूज उतरली की घाला, पण इथे नको.

सूज उतरली त्या संध्याकाळी आम्ही तिघं वर होतो. अबू गालिबनं नवा शर्ट घातला होता. समोर सुब्हीच्या कठड्यावर पाखरं रांगेत बसली होती, त्यात करडीही होती. उम्म गालिबच्या हातात दाण्यांचा डबा होता. तिनं तो छातीशी घट्ट धरला होता, आतला एक दाणाही वाजू नये म्हणून.

त्यानं शीळ घातली. आवाज तोच नव्हता. जरा वर चढलेला, नवा, एखाद्या तरुण माणसाचा असावा तसा. पण गेला, समोरच्या टेकडीपर्यंत गेला. ढाबळीतली पाखरं एकदा माना वाकड्या करून त्याच्याकडे बघून उम्म गालिबच्या डब्याकडे बघायला लागली.

"वाजवू नकोस," तो म्हणाला.

"वाजवत नाहीये."

दुसरी शीळ. समोरून सुब्हीनंही घातली, मुद्दाम. करडी उठली. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये तिनं एक फेरी घेतली, मग दुसरी, आणि मधल्या इमारतीच्या डिशच्या छत्रीवर जाऊन बसली. अबू गालिबची मान तिच्यामागून फिरून तिथे थांबली होती. त्यानं ओठ ओले केले, पण तिसरी शीळ घालेना. तिसरीलाही आली नाही तर काय, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"घाला," उम्म गालिब म्हणाली. "घाला हो. बसलीय ती अजून."

त्यानं डोळे मिटले आणि घातली. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे तिनं डबा एकदाच, अगदी हलकेच, हलवला.

करडी आली. सरळ आली, पंख मिटून, माझ्या ओल्या टॉवेलवर उतरली आणि पहिल्याच क्षणी तिथे जे करायचं ते करून मोकळी झाली.

"पाहिलंस?" अबू गालिबनं वळून विचारलं. त्याचे सगळे दात दिसत होते, फटीसकट. "पाहिलंस ना? यंत्रानं फट तंतोतंत मोजलीय. तीन शिळांत आली. पहिलीलाच येत होती, वारा आडवा होता."

उम्म गालिबनं डबा ओढणीखाली घेतला. माझ्याकडे एक नजर टाकली, तीत हिवाळ्यातली ती जुनी धमकी होती.

"पाहिलं," ती म्हणाली. "आवाज चांगला लागलाय. आता तिला उचला आधी, उम्म हानीचा टॉवेल आहे तो."